जीवनचा लाल बंब

जीवन तिडके हा नाशिकजवळच्या मखमलाबादचा. घरची शेती झेंडूची आणि गुलाबाची. वडील लहानू तिडके फुलांच्या पाट्या टेम्पोत घालून बाजारात नेणार, आई सखुबाई तोडणीच्या बायकांबरोबर रानात वाकलेली. थोरल्या पोरानं मातीत पडू नये असं दोघांनाही वाटायचं. म्हणून जीवननं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि अंबडच्या एका कारखान्यात चिकटला. तिथं वितळलेला धातू दाबानं साच्यात शिरवतात आणि घट्ट झालेला भाग बाहेर काढतात. त्याला डायकास्टिंग म्हणतात. जीवन तपासणीच्या टेबलावर होता. भाग उचलायचा, उजेडात फिरवायचा, कडेवरून अंगठा न्यायचा, कुठं भेग आहे, कुठं पोकळी राहिलीय ते बघायचं. हे काम त्याला मनापासून आवडायचं. साहेबही म्हणायचे, तिडकेच्या अंगठ्याखालून खोट सुटत नाही.

त्याला छंद होता तो रोबोंचा. साधे रोबो नव्हेत, रूप बदलणारे. हात आत सारले, छाती उलटी केली, पाय दुमडले की गाडी, विमान, क्रेन, इंजिन व्हायचं आणि उलट केलं की पुन्हा माणसासारखा उभा रोबो. डिप्लोमाच्या वर्षांत एका मित्राच्या घरी त्यानं परदेशातून आलेला असा एक रोबो हातात घेतला होता. छाती आणि पावलं ओतीव धातूची. हाताला थंड लागला, जड लागला, आणि सांधा फिरवताना कट् कट् असा गच्च आवाज आला. त्या आवाजानं त्याच्यावर काय जादू केली कोण जाणे. नोकरी लागल्यापासून त्यानं एकेक करून असे रोबो जमवायला सुरुवात केली. जुने, नवे, कुणाकडून वापरलेले, कुणी परदेशातून येताना आणलेले.

हळूहळू त्याचं एक मत पक्कं होत गेलं, आणि मत पक्कं झालेल्या माणसासारखा तो कंटाळवाणाही होत गेला. धातूचा तो खरा, प्लास्टिकचा तो खोटा. नाशिकमधल्या अशा हौशी लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यात कुणी नव्या प्लास्टिकच्या रोबोचा फोटो टाकला की जीवनचा मजकूर ठरलेला असे. "छान आहे. आमच्या न्हाणीघरातल्या बादलीचा भाऊ दिसतो." लोक हसायचे. काही जण दुखावले जायचे, पण बोलायचे नाहीत, कारण धातूतलं त्याच्याएवढं कुणाला कळत नव्हतं. पावलं धातूची असली की रोबो डगमगत का नाही, धातूवर रंग द्यावा लागतो म्हणून तो घासून का उडतो, हे सगळं तो चांगलं समजावून सांगायचा. फक्त समजावता समजावता समोरच्याला कमी लेखायचा.

बायको भाग्यश्री शाळेत शिकवायची. ती या सगळ्याला फार बोलत नसे. मुलगा साई आठवीत होता. बाबांची खेळणी खेळायची नसतात, हे त्यानं बोबडं बोलायच्या वयातच शिकून घेतलं होतं.

पाथर्डी फाट्याला जीवननं फ्लॅट घेतला तेव्हा हॉलमध्ये काचेचं मोठं कपाट करून घेतलं. आत बारीक दिवे, काचेच्या फळ्या, दाराला कुलूप. किल्ली त्याच्या खिशात. वरच्या फळीवर मधोमध त्याचा लाडका लाल बंब उभा राहिला. आगीच्या बंबाचा होणारा रोबो. शिडी पाठीवर जाते, चाकं खांद्यात जातात. छाती, कंबर, पावलं, सगळं धातूचं. एका हातात धरला तर थोड्या वेळानं मनगट भरून यावं असा.

वास्तुशांतीला पंचवटीतले गुरुजी आले. त्यांनी हॉलमध्ये उभं राहून चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "ईशान्येला काय ठेवलंय हे?"

"शोकेस आहे," जीवन म्हणाला.

"आणि देव?"

"ते स्वयंपाकघरात."

लहानूआबा झेंडूच्या माळा घेऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "देवाला चुलीपाशी बसवलं अन् ह्या बाहुल्यांना हॉलात. चांगलं हाय." सगळे हसले. जीवनही हसला, पण त्याला ते लागलं. बाहुल्या हा शब्द त्याला आवडत नसे.

घोटीहून त्याची धाकटी बहीण आशा आली होती. तिचे यजमान मनोज तिकडं भाताच्या व्यापारात होते, सरळ, थोडे तापट. त्यांची मुलगी सृष्टी सहा वर्षांची. ती आल्या आल्या कपाटापुढं जाऊन उभी राहिली आणि नाक काचेला टेकवून बसली ती तिथंच. काचेवर तिच्या श्वासाचा गोल उमटायचा, पुसला जायचा. जीवन येता जाता म्हणायचा, "काचेला हात नको लावू हां, बेटा." ती हात पाठीमागं बांधायची.

जेवणं झाली. गुरुजींना सोडायला मनोज मोटारसायकलवर गेले. आबा आणि चुलते गॅलरीत पान लावत बसले. बायका स्वयंपाकघरात मागचं आवरत होत्या. तेवढ्यात मयुरेश आला. ग्रुपमधला जीवनचा मित्र. कॉलेज रोडला राहणारा, बँकेत नोकरी, जीवनचे टोमणे हसून घेणारा एवढा एकच. त्यानं नव्या घरासाठी भेट म्हणून एक रोबो आणला होता. नवा, पिवळा, पूर्ण प्लास्टिकचा.

"बादलीचा भाऊ आणलाय," मयुरेश म्हणाला. "एकदा बघ तरी. हा गुडघ्यावर बसतो. बोटं उघडतात. तुझा बंब कमरेत वाकतो का?"

"वाकायला तो कोण हमाल आहे?" जीवन म्हणाला. "तो उभा राहतो. वजन आहे त्याला."

"वजन म्हणजे सगळं नाही रे."

"वजन म्हणजेच सगळं. लहान मूलसुद्धा सांगेल." असं म्हणून जीवननं इकडं तिकडं बघितलं आणि कपाटापाशी बसलेली सृष्टी त्याला दिसली. "थांब, हिलाच विचारू."

त्यानं खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि लाल बंब खाली घेतला. सृष्टीचे डोळे एवढे मोठे झाले. सकाळपासून जिकडं हात न्यायचा नाही असं बजावलं होतं ती वस्तू मामा स्वतः तिच्याकडं आणत होता. त्यानं बंब तिच्या एका हातात दिला, पिवळा रोबो दुसऱ्या हातात.

"डोळे मिट. नीट वजन घे. आता सांग, खरा कुठला?"

तिनं डोळे घट्ट मिटले. लाल बंबानं तिचा हात खाली ओढला. तिनं दुसरा हात वर केला.

"हा."

"हा? का गं?"

"हा मला उचलता येतो."

मयुरेश खदखदून हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण जीवनच्या कानशिलात गरम झालं. सहा वर्षांच्या पोरीनं दिलेलं उत्तर त्यानं सोडून द्यायला हवं होतं. त्यानं सोडलं नाही.

"तू नीट धरलाच नाहीस. तो पिवळा खाली ठेव. हं. आता हा एकाच हातात धर. वर कर. अजून वर. खांद्यापर्यंत."

"मामा, जड हाय."

"तेच तर. जड आहे म्हणून खरा. वर कर."

तिचं मनगट वळलं. बंब सुटला आणि तिच्या अनवाणी पावलावर पडला.

ती किंचाळली. आणि जीवन खाली वाकला. वाकून त्यानं बंब उचलला. उजेडात धरला, उलटा केला, पावलाच्या कडेवरून अंगठा नेला आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे देवा, पाय गेला! पायाचा पार टवका उडाला!"

आशा ओल्या हातानं धावत आली. मागोमाग भाग्यश्री, सखुबाई, गॅलरीतले आबा. "कुठं? कुठला पाय? बघू, किती लागलं?" असं म्हणत आशा दादाच्या हाताकडं वळली, कारण तो काहीतरी धरून बघत होता. त्याच्या हातात बंब होता. अंगठा अजून त्या उडालेल्या रंगावर होता. पोर तिकडं फरशीवर बसून आपलं पाऊल दोन्ही हातांत धरून रडत होती, आणि तिच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळं होत चाललं होतं.

भाग्यश्रीनं पुढं होऊन त्याच्या हातातून बंब काढून घेतला. कपाटात ठेवला नाही. दाराबाहेर नेऊन चपलांच्या रॅकवर ठेवला आणि परत येऊन म्हणाली, "गाडीची किल्ली घ्या."

दवाखान्यात एक्स-रे निघाला. अंगठ्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर पट्टी बांधता बांधता विचारत होते, काय पडलं, किती उंचीवरून. मनोज तोवर पोहोचले होते. ते म्हणाले, "लोखंडाचं कायतरी खेळणं होतं."

"लोखंड नाही," जीवन म्हणाला, "जस्त असतं त्यात."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. डॉक्टरांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा पट्टीकडं वळले. आशा भिंतीकडं तोंड करून उभी होती. जीवनला वाटलं, ही फरशी दुभंगावी.

बाहेर बाकावर मनोजनं विचारलं, "पण झालं कसं? तिच्या हातात आलं कसं ते?"

खरं सांगायला जीभ उचललीच नाही. पोर रडत असताना आपण बंब न्याहाळत होतो हे सगळ्यांनी बघितलं होतं. तो घासच गिळता येत नव्हता, त्यात आणखी एक. आपणच दिला, तिनं जड आहे सांगितलं, तरी वर कर म्हणालो, मित्राशी वाद जिंकायचा म्हणून. हे कसं सांगायचं? मयुरेश दवाखान्यात आला नव्हता. त्यावेळी हॉलमध्ये होते ते हे दोघं आणि ही पोर. जीवन म्हणाला, "मी मित्राशी बोलत होतो. लक्ष नव्हतं माझं. तिनं कपाटातून ओढला बहुतेक."

सृष्टी आईच्या मांडीवर मुसमुसत होती. तिनं मान वर केली.

मनोजचा आधीच जीव खालीवर झाला होता. ते तिच्या अंगावर ओरडले, "किती वेळा सांगितलं, लोकांच्या वस्तूंना हात नाय लावायचा म्हणून!" आणि तिच्या हातावर एक चापट मारली. फार जोरात नव्हती. पण सृष्टीचं रडणं एकदम थांबलं. तिनं बाबांकडं बघितलंच नाही. ती मामाकडं बघत राहिली. आता मामा सांगेल, अशी. जीवननं खिशातला मोबाइल काढला आणि त्यात काहीतरी बघू लागला.

आशाची माणसं त्याच दिवशी घोटीला निघून गेली. सखुबाईनं पुरणपोळीचा डबा बांधला होता, तो ओट्यावरच राहिला.

माणूस लाजेत सापडला की शहाणपण येतं असं नाही. जीवनला पुढचे कितीतरी दिवस आलं नाही. बंबाच्या पावलावर रंग कसा चढवावा हे त्यानं ग्रुपवर विचारलं. टवक्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "भाचीने पाडला. मित्रांनो, लहान मुलांना कपाटाजवळ फिरकू देऊ नका." बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली. एकानं अमुक ब्रश वापरा म्हणून सांगितलं.

संध्याकाळी मयुरेशचा फोन आला.

"कशी आहे मुलगी?"

"बरी आहे. पट्टी आहे अजून."

"जीवन, ते तू लिहिलंयस ना, ते काढून टाक."

"काय झालं?"

"तिनं पाडला नाही. तू दिला होतास. मी तिथं होतो. ती जड आहे म्हणाली होती. मीही अडवलं नाही. वर आणखी हसलो. मला पण झोप लागत नाहीये रे. पण तिच्या नावावर नको टाकूस. ती काय वाचणार नाही, पण नको."

जीवन गॅलरीत उभा होता. खाली रस्त्यावर एक माणूस हातगाडीवर द्राक्षं विकत होता आणि त्याच्याशी कुणी बाई भाव करत होती. ते बघत जीवन म्हणाला, "ठेवतो." फोन ठेवला आणि त्यानं ते लिहिलेलं काढून टाकलं. पण लोकांनी वाचलं होतं. आणि दवाखान्यात बोललेलं काही बोट दाबून पुसता येत नव्हतं.

त्यानं भाग्यश्रीला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिनं पेन खाली ठेवलं, पण आश्चर्य वाटल्यासारखं काही तिच्या चेहऱ्यावर आलं नाही.

"घोटीला जाऊन येतो," तो म्हणाला. "बंब तिला देऊन टाकतो."

"रिकाम्या हातानं जा," ती म्हणाली.

"अगं, माझ्याकडं त्याच्याहून मोठं काही नाही. तिला कळेल तरी, मला किती वाईट वाटलंय."

"तुम्हाला किती वाईट वाटलंय ते तिला कशाला कळायला हवं? जाऊन खरं बोला आणि या."

त्यानं ऐकलं नाही. रविवारी बंब कापडात गुंडाळला, खोक्यात घातला आणि घोटीची गाडी पकडली. सबंध वाटेत खोकं मांडीवर होतं. मांडी अवघडून गेली, पण त्यानं ते शेजारच्या सीटवर ठेवलं नाही. असं काहीतरी सोसलं की आपण थोडे चांगले होतो, असं त्याला वाटत होतं.

मनोजचं घर बाजारपेठेच्या मागच्या आळीत. ओसरीवर मनोजच्या आई, झुंबरबाई, सुपात तांदूळ निवडत होत्या. सृष्टी खाटेवर बसून त्यातले खडे मोजत होती. पाऊल गोधडीवर पसरलेलं. मामाला बघितल्याबरोबर तिनं गोधडीचं टोक ओढून पाऊल झाकून घेतलं.

मनोज आतून आले, "या या, जीवनभाऊ," म्हणाले, आणि आशाला चहा टाकायला सांगितलं. त्यांच्या वागण्यात काही कमी नव्हतं. उलट पोरीनं पाहुण्याची महागाची वस्तू खराब केली म्हणून तेच ओशाळल्यासारखे वाटत होते. "ते तुमचं खेळणं दुरुस्त झालं का?" त्यांनी विचारलं. "नाय झालं तर सांगा. लेकीनं नुकसान केलं तुमचं."

उत्तर द्यायचं सोडून जीवननं खोकं उघडलं, कापड सोडलं आणि लाल बंब खाटेवर सृष्टीपुढं ठेवला.

"तुझ्यासाठी आणलाय, बेटा. आता हा तुझा."

सृष्टी मागं सरली. पाठ भिंतीला लागली तरी सरकत राहिली. दोन्ही हात तिनं काखेत घातले आणि ती घाईघाईनं झुंबरबाईंना म्हणाली, "आज्जे, मी हात नाय लावला हां. बघ. मी नाय लावला."

"अगं, मामानंच आणलाय," झुंबरबाई म्हणाल्या. "घे की."

"नाय. मी नाय लावला. पप्पा, बघा, मी हात नाय लावला."

तिथं मग जीवनच्यानं राहवलं नाही. तो खाटेच्या कडेशी खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "त्या दिवशीपण तिनं हात लावला नव्हता. दाजी, मी दिला होता तिच्या हातात. मीच कपाट उघडलं. ती म्हणत होती जड हाय, तरी मी म्हणालो वर कर. मित्रापुढं माझं खरं करायचं होतं. अन् दवाखान्यात तुमच्याशी खोटं बोललो."

सुपातला हात थांबला. आशा चहाचे कप घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली.

मनोज उठले, अंगणात गेले, तिथं उगाच एका पोत्याचं तोंड सोडून पुन्हा बांधलं. मग परत आले आणि खाटेवर लेकीशेजारी बसले. तिला हात लावावा की नाही, असं त्यांचं झालं होतं.

"मला का नाय सांगितलं गं तू?" त्यांनी विचारलं.

सृष्टीनं थोडा विचार केला. "मामा सांगत होता ना," ती म्हणाली. "मामा मोठा हाय."

मनोजनं तो हात, ज्यावर चापट मारली होती तो, आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग जीवनकडं न बघता म्हणाले, "हे घेऊन जा तुमचं. अन् आता तुम्हीपण जा. मी रागात काय बोललो तर आशाला वाईट वाटंल."

जीवननं बंब खोक्यात घातला. कापड तसंच वरून कोंबलं. आशा त्याला आळीच्या तोंडापर्यंत सोडायला आली.

"मला ठाऊक होतं, दादा," ती म्हणाली.

"काय?"

"कपाटाला कुलूप असतं. किल्ली तुझ्या खिशात असते. पोरगी ओढणार कशी? आबांना पण ठाऊक होतं, वहिनीला पण. ह्यांना तेवढं कळलं नव्हतं, कारण हे तुझं कुलूप बघायला थांबलेच नव्हते." ती चालता चालता थांबली. "मी ह्यांना सांगितलं असतं तर तुझं तोंड दाखवायला जागा राहिली नसती ह्या घरात. म्हणून गप बसले. रोज वाटायचं, दादा फोन करंल. तुझी लाज वाचवली मी. पोरीची नाय वाचवली. आई असून नाय वाचवली."

ती वळून गेली. आजवर जीवनला वाटत होतं की आपलं खोटं आपल्यालाच माहीत आहे, आणि तेवढ्यावर तो दिवस ढकलत होता. आता कळलं की घरातल्या प्रत्येकानं ते पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. आबांनी फोनवर पावसापाण्याच्या, फुलांच्या दराच्या गप्पा मारल्या होत्या. भाग्यश्रीनं रोज डबा भरून दिला होता. सगळ्यांनी त्याला सांभाळून घेतलं होतं, एखाद्या आजारी माणसाला घ्यावं तसं. बस स्टँडवर तो उभा राहिला तेव्हा कुणीही आपल्याकडं बघू नये असं त्याला वाटत होतं, आणि बघत तर कुणीच नव्हतं.

यानंतर जीवननं सगळे रोबो विकून टाकले, असं काही झालं नाही. कपाट अजून आहे. कुलूपही आहे, फक्त किल्ली दारालाच लटकलेली असते. लाल बंब उडालेल्या रंगासकट खालच्या फळीवर गेला. धातूचा रोबो त्याला आजही प्लास्टिकच्यापेक्षा चांगला वाटतो, त्याबद्दल त्याचं मत बदललेलं नाही. पण ग्रुपवर कुणी नवा प्लास्टिकचा दाखवला की तो "छान" एवढंच लिहितो. कारखान्यात एखादा नवा मुलगा खराब भाग पुढं सारताना सापडला, तर पूर्वी तो चारचौघांत त्याची खरडपट्टी काढायचा, आता बाजूला नेऊन दाखवतो. त्याला चांगुलपणा म्हणता येईल का, कोण जाणे. चारचौघांत आवाज चढवायचा म्हटलं की त्याला दवाखान्यातला तो बाक आठवतो, एवढंच.

मनोज वर्षभर त्याच्याशी कामापुरतं बोलले. सृष्टीचं पाऊल बरं झालं. अंगठ्याचं नख मात्र वाकडं आलं, ते तसंच राहिलं.

पुढच्या वर्षी कळवणला एका चुलतभावाचं लग्न होतं. मांडवात पोरांचा घोळका जमला होता. चपला काढून खेळताना कुणीतरी सृष्टीचं नख बघितलं आणि विचारलं, हे असं का. जीवन थोड्या अंतरावर खुर्चीत बसला होता. सृष्टी त्याच्याकडं आली. इतक्या दिवसांत ती आपण होऊन पहिल्यांदाच आली होती. तिनं त्याची बाही ओढली.

"मामा, चल. ह्यांना सांग."

"काय सांगू?"

"माझ्या पायाचं. तू सांग."

तो घोळक्यापाशी गेला. पोरं वर बघत होती. त्यानं सांगितलं, की एक जड रोबो होता, तो तिच्या पायावर पडला.

"असं नाय," सृष्टी म्हणाली. "कोणी दिला होता?"

"मी दिला होता."

"मी काय म्हणाले होते?"

"जड हाय म्हणाली होतीस."

"मग तू पप्पांना काय सांगितलं?"

पंगतीचे लोक पुढून ये-जा करत होते. दोन बायका थांबून ऐकू लागल्या. पलीकडं मनोज कुणाशी तरी बोलत उभे होते, त्यांचं बोलणं थांबल्याचं जीवनला जाणवलं. "मी सांगितलं, की तिनं कपाटातून ओढला," तो म्हणाला. "खोटं सांगितलं."

एका बारक्या पोरानं विचारलं, "मग तुम्हाला कोणी मारलं?"

"नाही."

"का?"

सृष्टीला उत्तराची फिकीर नव्हती. तिला हवं होतं ते सगळ्यांसमोर बोलून झालं होतं. ती पोरांना घेऊन जिलबीच्या कढईकडं पळाली. त्या दिवशी तिनं त्याला आणखी दोनदा बोलावून नेलं, एकदा नवरीच्या मैत्रिणींसमोर आणि एकदा तिच्या वर्गातली एक मुलगी भेटली तिच्यासमोर. दोन्ही वेळा तो उठला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. सोपं काही होत नव्हतं. तिसऱ्या वेळीही जीभ त्याच ठिकाणी अडली.

जेवायला बसताना शेजारची खुर्ची मोकळी होती. मनोज आले, क्षणभर उभे राहिले आणि तिथंच बसले. वाढपी वरण घेऊन आला तेव्हा जीवनच्या ताटात अजून भात नव्हता. मनोज वाढप्याला म्हणाले, "ह्यांना भात वाढा आधी."